पॅरालिसिससाठी स्टेम सेल करून घ्यावं का? आबांसाठी विचारतेय, कुणाचा अनुभव असेल तर सांगा

चंदगडची_लेक

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणार आहे पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, आमच्या घरात यावरून रोज वाद चाललाय.

माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, वय ६४. गेल्या गणपतीत त्यांना पॅरालिसिसचा झटका (डॉक्टर स्ट्रोक म्हणतात) आला. पहाटे उठले तर उजवा हात पाय गळालेला, तोंड वाकडं, बोलणं बंद. गावातून गाडी मिळवून बेळगावला पोचेपर्यंत बराच उशीर झाला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायची वेळ टळून गेली म्हणाले. एमआरआयमध्ये डाव्या बाजूची मोठी नस ब्लॉक निघाली. जिवावरचं टळलं हेच खूप.

आता परिस्थिती अशी आहे की धरून चालतात पण पाय ओढत, उजव्या हाताची मूठ उघडत नाही, बोटं आकडल्यासारखी राहतात. समजतं सगळं. शब्द मात्र येत नाहीत, नुसतं "हां हां, ते ते" आणि मग स्वतःवरच चिडतात, ताट बाजूला सारतात. आणि संध्याकाळी आई दिव्याजवळ आरती म्हणायला लागली की तिच्याबरोबर ओळीच्या ओळी स्पष्ट म्हणतात!! हे बघितल्यापासून मामाच्या डोक्यात बसलंय की आत सगळं शाबूत आहे, फक्त कुठलीतरी ट्रीटमेंट कमी पडतेय.

तर मामाने मोठ्या शहरातलं एक सेंटर शोधलंय. कमरेच्या हाडातून मगज (बोन मॅरो) काढणार, त्यातल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशी) वेगळ्या करणार आणि पाठीच्या मणक्यातून सोडणार, असे तीन सिटिंग. एका सिटिंगचे पावणेतीन लाख, राहणं-खाणं वेगळं. "मेंदूच्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतील, ७० ते ८० टक्के फरक पडतो" असं फोनवर सांगितलं. व्हॉट्सॅपवर व्हिडिओ पाठवलेत, एक काका आधी व्हीलचेअरवर आणि मग चालताना. वर असंही म्हणाले की वर्षाच्या आत या, नंतर उपयोग नाही.

एवढे पैसे आमच्याकडे नाहीत. मामा म्हणतो काजूच्या बागेतले गुंठे काढू, माणूस राहिला तर बाग परत होईल. आई काहीच बोलत नाही. मी पुण्यात नोकरीला, मलाच सगळे विचारतात तू शिकलेली आहेस तू सांग. खरंच काय करू?

---

नाशिकची_मीनल

ताई, आमच्या सासूबाईंचं केलं होतं, सेंटर दुसरं पण पद्धत हीच. खरं ते सांगते. तिथे असताना फरक दिसला होता, खोटं नाही बोलणार. हात खांद्यापासून थोडा वर जायला लागला, पाय टाकणं सुधारलं. पण तिथे त्यांना सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तास फिजिओ करून घेत होते, बोलण्याचा व्यायाम वेगळा, हाताचा वेगळा. घरी आमच्याकडे फिजिओवाला येऊन अर्धा तास करून जायचा, तेही आठवड्यातून तीनदा. नाशिकला परत आल्यावर पुन्हा अर्ध्या तासावर आलो आणि दोन-तीन महिन्यांत गाडी होती तिथेच. मग फरक कशाने पडला होता हे तुम्हीच बघा. डिस्चार्जच्या कागदावर पेशी किती दिल्या तो आकडा होता, बाकी आधी-नंतरची मोजमापं काही नव्हती.

---

न्यूरो_संभाजीनगर

मी न्यूरोफिजिशियन आहे. दर ओपीडीला निदान एक तरी घर हा प्रश्न घेऊन येतं त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी पेशींबद्दल. हाडाच्या मगजातल्या पेशी रक्त तयार करणाऱ्या आणि त्याला आधार देणाऱ्या पेशी असतात, त्या मेंदूत जाऊन मेंदूची पेशी बनतात आणि तुटलेली वायरिंग परत जोडतात असं माणसात कुणीही दाखवलेलं नाही. शिरेतून दिल्या तर बहुतेक फुफ्फुसातच अडकतात. काही फायदा होत असेलच तर तो त्या पेशी जी द्रव्यं सोडतात त्यामुळे, सूज कमी होणं, उरलेल्या पेशींना थोडा आधार मिळणं, अशी आता शास्त्रज्ञांची समजूत आहे. म्हणजे "मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतील" हे वाक्य जो तुम्हाला फोनवर सांगतो तो चुकीचं सांगतोय, इथूनच सुरुवात करा.

आता महत्त्वाचं. हा प्रयोग आपल्याच देशात, आपल्याच पेशंटवर, नीट पद्धतीने झालेला आहे आणि ही गोष्ट लोकांना माहितीच नसते. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने पाच केंद्रांत १२० पेशंट घेतले, झटका येऊन ७ ते ३० दिवस झालेले. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला स्वतःच्याच मगजातल्या पेशी शिरेतून दिल्या, सरासरी २८ कोटी पेशी, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. १८० दिवसांनी ज्याने तपासलं त्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. स्वतःचं खाणं, अंघोळ, कपडे, चालणं यावर १०० पैकी मार्क देतात, दोन्ही गटांची सरासरी ६३ च्या आसपास. फरक शून्य. त्रासही विशेष झाला नाही, पण उपयोगही झाला नाही. २०१४ मध्ये हा पेपर आला, स्ट्रोक नावाच्या जर्नलमध्ये. कंपनीचा नव्हे, सरकारी पैशातून झालेला अभ्यास आहे. तुमच्या आबांना तर त्या ३० दिवसांपेक्षा कितीतरी जास्त काळ होऊन गेलाय.

लोक म्हणतात शिरेतून नको, थेट मेंदूत द्या. तेही करून झालंय. अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि पिट्सबर्गला १८ पेशंटच्या कवटीला छोटं भोक पाडून दुसऱ्या माणसाच्या हाडातल्या मगजापासून तयार केलेल्या पेशी मेंदूत सोडल्या, झटका येऊन सहा महिने ते पाच वर्षं झालेले पेशंट. २०१६ मध्ये निकाल आले तेव्हा जगभर बातम्या झाल्या, ७१ वर्षांच्या एक बाई व्हीलचेअरवरून उठून चालायला लागल्या वगैरे. माझ्याकडेही लोक कात्रणं घेऊन यायचे आणि खरं सांगायचं तर मलाही खूप आशा वाटली होती. पण त्या १८ जणांत तुलनेला गटच नव्हता, सगळ्यांनाच पेशी दिलेल्या. म्हणून पुढचा अभ्यास १६३ पेशंटवर झाला आणि त्यात काही जणांना नुसतं कवटीला वरवर भोक पाडल्यासारखं केलं, पेशी दिल्याच नाहीत, पेशंटला कळू दिलं नाही. २०१९ च्या जानेवारीत त्या पेशी बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं की ठरवलेल्या कसोटीवर दोन्ही गटांत फरक आला नाही.

व्हिडिओ बघून निर्णय का घेऊ नये ते यात आहे. व्हिडिओतले काका खोटे असतीलच असं नाही. झटक्यानंतर पहिले सहा महिने शरीर आपलं आपण बरंच भरून काढतं, त्यानंतरही हळूहळू सुधारणा होते, त्यात नव्या उमेदीने घेतलेली मेहनत. तुलनेला दुसरा गट नसेल तर यातलं काय कशामुळे झालं ते देवालाच माहीत.

---

सह्याद्री_७७

डॉक्टर लोक नेहमी निगेटिव्हच बोलतात, सॉरी पण माझा हा अनुभव आहे. आमच्या भावाच्या वेळी पण "आता एवढंच" म्हणून सांगून टाकलं होतं. जपानमध्ये मेंदूसाठी स्टेम सेलला सरकारने परवानगी दिलीय, मी स्वतः वाचलंय. मग तिथले लोक काय वेडे आहेत का? आपल्याकडे नवीन काही आलं की आधी नाही म्हणायचं. ताई, वडील एकदाच मिळतात, जमीन परत घेता येते.

---

पेशी_आणि_मी

@सह्याद्री_७७ दादा, मी पुण्यात पेशींच्या लॅबमध्येच काम करते, स्टेम सेलवरच. त्यामुळे मला हे क्षेत्र यशस्वी व्हावं असं कुणापेक्षाही जास्त वाटतं. पण जपानची बातमी अर्धी वाचली गेलीय.

जपानने २०२४ मध्ये जी मंजुरी दिली ती डोक्याला मार लागून झालेल्या इजेसाठी, स्ट्रोकसाठी नाही. तीसुद्धा अटी घालून आणि ठराविक मुदतीसाठी, म्हणजे अजून पुरावे गोळा करा आणि परत दाखवा अशी. आणि यातली खरी गोष्ट अशी की ही तीच पेशी आहे जी डॉक्टरांनी वर सांगितलेल्या १६३ जणांच्या स्ट्रोकच्या अभ्यासात चालली नाही! एका आजारात मंजूर झाली म्हणून दुसऱ्यात चालेल असं धरता येत नाही.

स्ट्रोकसाठी जपानमध्ये वेगळा मोठा अभ्यास झालाय, २०६ पेशंट, झटका आल्यावर १८ ते ३६ तासांत शिरेतून पेशी दिल्या. मुख्य निकाल फरक नाही. या पेशी ज्या अमेरिकन कंपनीच्या होत्या तिचं २०२४ मध्ये दिवाळं निघालं. ग्लासगोमध्ये २०१० पासून मेंदूच्याच मूळ पेशी थेट मेंदूत देऊन पाहिल्या, पहिल्या अभ्यासात ११ पेशंट, सुरक्षित वाटलं, थोडी सुधारणा दिसली, तुलनेचा गट नव्हता. कोरियातही बरीच वर्षं चाललंय, तिथे पायाच्या ताकदीत थोडा फरक दिसला पण मुख्य कसोटीवर नाही. म्हणजे जगभर माणसं प्रामाणिकपणे मेहनत करतायत आणि काही वर्षांनी काहीतरी हाती लागेलही, कुठली पेशी, किती, कधी, कुठून द्यायची हे अजून ठरायचंय. जे अजून ठरलेलं नाही ते पावणेतीन लाखांना विकायला ठेवलंय, माझा राग त्यावर आहे.

आणि ताई, भारतात नियम स्पष्ट आहे. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताचे आजार वगैरे जे मान्य आहेत तेवढे सोडून बाकी कशासाठीही स्टेम सेल द्यायच्या असतील तर त्या फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच (म्हणजे पेशंटवर नियमाने केलेल्या अभ्यासातच), आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्या थेरपीचे पैसे घ्यायचे नसतात. जाहिरातही करायची नाही. स्ट्रोक त्या मान्य यादीत नाही. तेव्हा सेंटरला फोन करून एवढंच विचारा की ही ट्रायल आहे का, असेल तर सीटीआरआयचा नंबर द्या. सीटीआरआय म्हणजे आपल्या देशातली ट्रायलची सरकारी नोंदवही, ऑनलाइन कुणालाही बघता येते, २००९ पासून नोंद सक्तीची आहे. नंबर दिलाच तर तिथे टाकून बघा, आजार कुठला लिहिलाय, हॉस्पिटल कुठलं, तुलनेचा गट आहे का, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का. खऱ्या ट्रायलमध्ये काही इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी त्यांच्यावर असते, विकत घेतलेल्या ट्रीटमेंटला ते संरक्षण नाही.

---

वाचक_ठाणे

धोका नाही असंही कुणी समजू नका. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६६ वर्षांच्या अमेरिकन माणसाची केस आली होती. स्ट्रोकमधून बरं व्हायचं म्हणून तो चीन, अर्जेंटिना, मेक्सिको असा फिरून पैसे देऊन स्टेम सेलची इंजेक्शनं घेऊन आला. पुढे कंबर दुखायला लागली, दोन्ही पाय गेले, लघवीवरचा ताबा गेला. मणक्यात गाठ वाढत होती आणि तपासली तर त्यातल्या पेशी त्याच्या नव्हत्याच, दुसऱ्याच कुणाच्या होत्या. वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. आधीच एक बाजू गेलेला माणूस हो.

---

न्यूरो_संभाजीनगर

@वाचक_ठाणे बरोबर, पण त्यात त्याला गर्भाच्या आणि भ्रूणाच्या पेशीही दिलेल्या होत्या, त्यांचा वाढत राहायचा स्वभाव असतो. स्वतःच्या मगजातल्या पेशींना तो धोका बराच कमी. ताईंना उगाच घाबरवायला नको म्हणून लिहिलं. मात्र त्या लेबलखाली नक्की काय टोचतायत हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो. शिवाय यासाठी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या काही दिवस बंद करायला सांगतात, कारण कमरेतून मगज काढायचा आणि मणक्यात सुई घालायची. एकदा नस ब्लॉक झालेल्या माणसाची ती गोळी बंद करणं हाच मला खरा धोका वाटतो.

@सह्याद्री_७७ तुमच्या भावाला "आता एवढंच" म्हणाले हे चुकलंच. असं कुणी म्हणू नये. पण स्टेम सेल नको म्हणणं म्हणजे आशा सोडा म्हणणं नव्हे.

आबांच्या बाबतीत मला विचाराल तर पहिलं काम दुसरा झटका येऊ न देणं. बीपी १३०/८० च्या खाली, साखर बघा, कोलेस्टेरॉलची गोळी चालू. गावाकडे मी कायम बघतो, "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली". ते नॉर्मल गोळीमुळे आलेलं असतं! हृदयाचे ठोके अनियमित आहेत का यासाठी होल्टर (ठोक्यांची तपासणी) झालाय का ते डिस्चार्ज पेपरवर बघा, झाला नसेल तर करून घ्या, कारण तसं निघालं तर गोळीच वेगळी लागते. तंबाखू असेल तर आजच बंद.

---

फिजिओ_वैशाली

ताई मला तुमच्या पोस्टमधलं ते आरतीचं खूप महत्त्वाचं वाटलं. हे अनेक पेशंटमध्ये दिसतं. डाव्या मेंदूला इजा झाली की स्वतःहून वाक्य जुळवणं जातं पण पाठ असलेलं, चालीत म्हटलेलं टिकून राहतं, आरती, अंक, वारांची नावं. मामा म्हणतात ते एका अर्थी खरं आहे, आत बरंच काही शिल्लक आहे. ते बाहेर काढायचं काम स्पीच थेरपिस्टचं, आणि चालीवरून बोलण्याकडे न्यायची पद्धतच आहे. "पाणी दे", "चहा हवा" हे आधी चालीत, डाव्या हाताने मांडीवर ताल धरून, मग चाल हळूहळू कमी करत. तुमच्या पोस्टमध्ये स्पीच थेरपीचा उल्लेखच नाही, सुरू केलीय का? बेळगाव किंवा कोल्हापुरात मिळेल, व्हिडिओ कॉलवरही करतात. घरच्यांनी त्यांचं वाक्य स्वतः पूर्ण करून टाकू नये, थांबावं, हो-नाहीत उत्तर येईल असं विचारावं, चित्रांची वही ठेवावी. चिडचिड बऱ्यापैकी कमी होते. तरीही फार उदास, रडणं, जेवण सोडणं असेल तर डॉक्टरांना सांगा, झटक्यानंतर डिप्रेशन खूप जणांना येतं आणि त्यावर औषध आहे.

हाताचं. मूठ आकडलीय म्हणजे स्नायू कडक झालेत, त्यासाठी बोटॉक्सचं इंजेक्शन असतं (तेच जे सुरकुत्यांसाठी वापरतात), काही महिने सैलपणा राहतो आणि त्या काळात व्यायाम जोरात करून घ्यायचा. ते बोटॉक्स आणि स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारी पट्टी) मिळूनही एका सिटिंगच्या पैशापेक्षा खूप स्वस्त पडेल. मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडायला लागली की चांगला हात बांधून ठेवून आजारी हाताकडून तासन्तास काम करून घ्यायची पद्धत आहे, तिला चांगले पुरावे आहेत. आत्ता मूठ पूर्ण बंद असेल तर लगेच नाही जमणार, हे आधीच सांगते. पाय ओढतात त्यासाठी पिंडरीपासून तळव्यापर्यंतचा ब्रेस मिळतो, बुटात घालायचा, त्याने अडखळून पडणं कमी होतं.

मीनलताईंनी लिहिलंय ना, चार-पाच तास, त्यातच सगळं आलं. अर्ध्या तासाने मेंदू शिकत नाही. काजूचे गुंठे न विकता, त्या पैशाच्या छोट्याशा भागात महिनाभर एखाद्या रिहॅब सेंटरला राहून रोजचे तास वाढवता येतील, तिथे आई शिकेल आणि घरी चालू ठेवेल. मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे, तिथे ब्रेस वगैरेही करून देतात, जाण्याआधी फोनवर चौकशी करा. दिव्यांग प्रमाणपत्राचंही बघा, एसटी-रेल्वेच्या सवलतीला लागतं.

---

चंदगडची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना रडू आलं. स्पीच थेरपी सुरूच केली नव्हती, आम्हाला कुणी सांगितलंच नाही की अशी काही असते.

काल सेंटरला फोन केला. सीटीआरआय नंबर विचारला तर म्हणाले मॅडम ही ट्रायल नाही, ट्रीटमेंट आहे. मग विचारलं की आयसीएमआरच्या यादीत स्ट्रोक नाही ना, तर म्हणाले तुम्ही या, डॉक्टर समजावतील. संमतीचा फॉर्म आधी पाठवा म्हटलं तर तो ॲडमिशनलाच मिळतो. आणि लगेच, या महिन्यात बुक केलं तर तिसऱ्या सिटिंगला डिस्काउंट. मामा शेजारी बसून स्पीकरवर ऐकत होता. डिस्काउंट ऐकल्यावर तो उठून बाहेर गेला, नंतर आईला म्हणाला बागेचं राहू दे. अजून नाराज आहे पण मी एम्सच्या अभ्यासाचं त्याला मराठीत लिहून दिलंय, वाचतो म्हणाला.

डिस्चार्ज पेपर बघितला, होल्टर झालेला नाही. पुढच्या आठवड्यात बेळगावला नेतोय.

वैशालीताई, एक विचारायचं होतं. आबांचा उजवा खांदा खूप दुखतो, अंगातला शर्ट काढतानासुद्धा ओरडतात. आई व्यायाम म्हणून हात धरून वर ओढते, ते बरोबर आहे का?

---

फिजिओ_वैशाली

नाही! हात ओढणं आजपासून बंद करा, उठवताना काखेत हात घालून किंवा त्या हाताला धरून उचलणंही बंद. स्नायू ढिले पडल्यामुळे खांद्याचा गोळा खोबणीतून थोडा खाली सरकलेला असू शकतो, ओढलं की आणखी इजा होते. बसताना हाताखाली उशी, कोपर टेकलेलं. झोपताना खांद्याखाली पातळ उशी, दंड जरा पुढे. शर्ट घालताना आधी आजारी हात, काढताना आधी चांगला हात. खांद्याच्या वर हात न्यायचा व्यायाम फिजिओने समोर दाखवल्याशिवाय करू नका. बेळगावला जाताय तेव्हाच खांदाही दाखवा, आणि आईला बरोबर न्या, रोज करणार त्या आहेत.